केमो घ्यायची की नाही? परळच्या रांगेतला जुना प्रश्न

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे इअरफोन घरी विसरलेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अं... म्हणजे...' काढून टाकलेत.

परळला टाटा हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रोड. किती जण रोज तिथून जातात, पण बोर्जेस कोण हे फार कोणी विचारत नाही. मूळचे गोव्याचे, टाटा मेमोरियलचे नावाजलेले सर्जन. रस्त्याला सर्जनचं नाव आहे यातच एक इतिहास आहे. २८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल उघडलं तेव्हा कॅन्सरवर दोनच उपाय होते. कापून काढा, नाहीतर किरणांनी जाळा. तिसरा उपाय, म्हणजे सलाईनच्या बाटलीतून येणारं औषध, तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे 'केमो घ्यायची का?' असा प्रश्न १९४१ मध्ये परळला कुठल्याच बाईला पडला नाही.

मला तो मागच्या वर्षी पडला. खरं तर मला नाही, आईला. आम्ही मुलुंडला राहतो, मी ऐरोलीला कोड लिहितो, आणि आईचं वय ६१. डाव्या स्तनात गाठ. लहान होती, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेली नव्हती. ऑपरेशन झालं आणि रिपोर्ट आला: 'ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह'. डॉक्टर म्हणाले, केमोबद्दल बोलावं लागेल, बघू. त्या 'बघू'ने आमच्या घराची झोप उडवली. बोरिवलीचा मामा म्हणाला, "घेऊन टाका, रिस्क कशाला." अंधेरीची मावशी म्हणाली, "अजिबात नको, त्याने माणूस आधी खचतो आणि मग जातो." आणि सगळे मला फोन करत होते. आईला कोणीच नाही.

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण एखाद्या सिस्टिमचा निर्णय समजला नाही की मी तिची जुनी व्हर्जन्स बघतो. इथेही तेच केलं.

सुरुवात बाल्टिमोरपासून. विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन. ऑपरेशनमध्ये रबरी हातमोजे रुळवण्याचं श्रेय यांना दिलं जातं, तेही त्यांच्या एका नर्सचे हात औषधांनी सोलवटत होते म्हणून. पुढे तिच्याशीच त्यांचं लग्न झालं. १८९४ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र मुळासकट काढायचं. विचार सरळ होता. कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि शेजारी शेजारी पसरतो, तर जितकं जास्त कापाल तितकी बाई वाचेल. पुढची सत्तरऐंशी वर्षं जगभर हेच चाललं. बायका वाचायच्या, काही वेळा वाचायच्या नाहीत, पण छाती खोलगट, हात सुजलेला. आणि परत आलाच कॅन्सर, तर सर्जन म्हणायचा, पुरेसं कापलं नव्हतं.

दरम्यान दुसरीकडे, अगदी वेगळ्या खात्यात, औषधांची गोष्ट सुरू झाली होती. ती युद्धातून आली. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या दिसल्या होत्या. १९४२ मध्ये येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी विचार केला की मग पांढऱ्या पेशींच्याच कॅन्सरवर हे देऊन पाहू. त्यांनी गॅसचा भाऊबंद असलेलं नायट्रोजन मस्टर्ड एका लिम्फोमाच्या पेशंटला टोचलं. गाठी विरघळल्या, मग परत आल्या. हे सगळं युद्धकाळातलं गुपित होतं, १९४६ मध्ये छापलं गेलं. तुम्ही कदाचित रील्समध्ये ऐकलं असेल की इटलीतल्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ ला बॉम्बहल्ल्यात मस्टर्डने भरलेलं जहाज फुटलं आणि त्यातून केमोचा शोध लागला. जहाज फुटलं हे खरं, 'जॉन हार्वी' त्याचं नाव. पण येलचा पेशंट त्याच्या आधीचा. तारखा बघितल्या की अर्ध्या व्हायरल गोष्टी गळून पडतात.

आता स्तनाच्या कॅन्सरवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिलेल्या केमोचं नाव होतं सीएमएफ. तीन औषधांची तीन अक्षरं. मला ही तीन अक्षरं फार आवडतात, कारण प्रत्येकामागे वेगळा माणूस, वेगळा देश आहे. सी म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. १९५० च्या दशकात जर्मनीत बनलं, आणि वंशावळ बघितली तर मस्टर्डचंच नातवंड. एफ म्हणजे फ्लुओरोयुरॅसिल, १९५७, अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांचं. आणि एम म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे संशोधनाचा प्रमुख होता आंध्रातल्या भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ चा जन्म, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम. त्यांच्याकडच्या ॲमिनोप्टेरिनवर बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना उपचार दिले. १९४८ मध्ये त्यांनी लिहिलं की १६ पैकी १० मुलांना काही काळ बरं वाटलं. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट ही त्या औषधाची सुधारलेली आवृत्ती. आणि हे औषध स्तनाच्या कॅन्सरवरही चालतं हे १९५१ मध्ये दाखवलं न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जेन राइट या कृष्णवर्णीय डॉक्टरने. आपल्या शाळेत यातलं एकही नाव शिकवलं नाही, म्हणून इथे जरा जास्त थांबलो.

पण मुख्य वळण सर्जरीनंतरचं. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर म्हणत होते की हॉलस्टेडचा विचारच चुकीचा आहे. गाठ हाताला लागेपर्यंत काही पेशी रक्तातून शरीरभर गेलेल्या असू शकतात. तसं असेल तर जास्त कापून काय मिळणार? म्हणायला सोपं आहे, सिद्ध कसं करणार? फिशर यांनी १९७१ मध्ये चाचणी सुरू केली. एका गटाला हॉलस्टेडची मोठी शस्त्रक्रिया, दुसऱ्यांना कमी कापाकाप, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. आमच्या ऑफिसात बटणाचा रंग ठरवायला आम्ही जी ए/बी टेस्ट करतो, तीच, पण इथे दोन्ही बाजूला माणसं. सर्जन लोक भयंकर चिडले. निकाल आला: जगण्यात फरक नाही. २५ वर्षांनी, २००२ मध्ये, पुन्हा आकडे छापले, तरी फरक नाही.

आणि पेशी आधीच पसरलेल्या असतील, तर औषधही शरीरभर जाणारं हवं. ऑपरेशन झालंय, स्कॅनमध्ये काही दिसत नाही, बाई ठणठणीत आहे, तरी औषध द्यायचं. याला ॲडज्युव्हंट केमो म्हणतात. आईच्या बाबतीत प्रश्न याच केमोचा होता, आणि तो अवघड याच कारणाने असतो: समोर आजार दिसत नसतो. दिसतो तो फक्त धोका.

इटलीत मिलानला जियानी बोनाडोना यांनी १९७३ मध्ये हे करून पाहिलं. काखेत कॅन्सर पोहोचलेल्या ३८६ बायका. २०७ जणींना ऑपरेशननंतर बारा सायकल सीएमएफ, १७९ जणींना काहीच नाही. १९७६ मध्ये पहिला निकाल आला. केमो न घेतलेल्यांत २४ टक्के जणींचा आजार उलटला, घेतलेल्यांत ५.३ टक्के. जग हादरलं. पण हे जेमतेम सव्वादोन वर्षांचे आकडे होते. १९९५ मध्ये, साधारण वीस वर्षांनी, चित्र शांत झालं: आजार उलटण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशने कमी, मृत्यूचा धोका सुमारे एक चतुर्थांशने कमी. अजूनही मोठी गोष्ट. पण पहिल्या बातमीइतकी जादू नाही.

आता इथे मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला, तुम्हीही काढा. समजा धोका एक तृतीयांशने कमी होतो. एका बाईचा आजार उलटण्याची शक्यता शंभरात ३० आहे. केमोने ती २० वर येते. शंभरात दहा जणी वाचल्या. दुसऱ्या बाईची शक्यता मुळातच शंभरात ६ आहे. तीही एक तृतीयांशने कमी होते, म्हणजे ४ होते. शंभरात दोन जणी वाचल्या. उरलेल्या ९८ जणींनी केस गेले, उलट्या झाल्या, पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप आला की रात्री हॉस्पिटलला पळावं लागलं, काहींच्या हातापायांच्या बोटांना कायमची मुंग्यांची सवय लागली, हे सगळं सोसलं, पण त्यांचं जे व्हायचं होतं तेच झालं. दोन्हीकडे जाहिरातीत 'एक तृतीयांश' हाच आकडा लिहिता येतो. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, कोणाच्या रिपोर्टचे नाहीत.)

आईला हे मी डायनिंग टेबलवर तांदळाचे दाणे मांडून दाखवलं. ती दहावी झालेली, पण आयुष्यभर भिशीचा हिशोब ठेवलेली बाई. पाच मिनिटं दाण्यांकडे बघून म्हणाली, "म्हणजे विचारायचं हे, की माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर किती जणींना उपयोग होतो." पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिने हाच प्रश्न जसाच्या तसा विचारला. मामाही सोबत होता. डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि मग शेवटपर्यंत तिच्याशीच बोलले. मामाची जरा पंचाईत झाली, पण असो.

कोण ठरवणार, हा प्रश्नही इतिहासात आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत रोज कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ सापडली. त्या काळची रीत अशी की बाईला भूल द्यायची, तुकडा तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. म्हणजे झोपताना तुम्हाला माहीत नाही की उठल्यावर काय शिल्लक असेल. कुशनर म्हणाल्या, नाही. आधी तपासा, मला उठवा, मग मी ठरवते. सर्जनमागून सर्जन नाही म्हणाले, त्या शोधत राहिल्या. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि १९७९ मध्ये अमेरिकन सरकारी संस्थेच्या समितीत डॉक्टर नसलेल्या त्या एकट्या होत्या. त्या समितीने दोन टप्प्यांची पद्धत योग्य ठरवली. मग १९८४ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, ज्याचा सवाल असा होता की ऐंशीच्या दशकातली तीव्र केमो म्हणजे नवी हॉलस्टेड शस्त्रक्रिया तर नाही ना? जितकी जास्त तितकी चांगली, हा जुनाच विचार नव्या बाटलीत?

त्यांना पुढचं दशक दिसलं नाही, १९९० मध्ये त्या गेल्या. पण नव्वदच्या दशकात अगदी तेच झालं. इतकी प्रचंड केमो द्यायची की अस्थिमज्जा मरेल, आणि मग आधी काढून ठेवलेल्या पेशींनी ती परत भरायची. बायकांनीच मागणी केली. कॅलिफोर्नियात नेलीन फॉक्स यांना विमा कंपनीने पैसे नाकारले, त्या वारल्या, आणि १९९३ मध्ये ज्युरीने कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलर्सचा दणका दिला. नाकारणारा खलनायक, देणारा देव, असं वातावरण. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले. फायदा नाही. फक्त दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडा यांच्या चाचणीत फायदा दिसत होता. २००० मध्ये तपासनीस तिथे जाऊन नोंदी बघायला बसले आणि ती चाचणी बनावट निघाली. हजारो बायका यातून गेल्या होत्या. मला यात सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट ही, की बहुतेक सगळे चांगल्या हेतूनेच वागत होते.

दुसऱ्या टोकाला एक साधी गोळी होती. टॅमॉक्सिफेन. १९६२ मध्ये ब्रिटिश कंपनी आयसीआयमध्ये डोरा रिचर्डसन यांनी बनवली, ती गर्भनिरोधक म्हणून. त्या कामात नापास झाली. पण ज्या गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात, म्हणजे ईआर पॉझिटिव्ह, त्यांची रसद ती तोडते. म्हणून आईसारख्या बायकांना मुख्य संरक्षण रोजच्या गोळीचं असतं, आणि केमोचा प्रश्न असतो 'गोळीच्या वर आणखी किती?'

याचं उत्तर शोधायला गाठीचेच जीन्स वाचायचे, असं २००४ मध्ये पुढे आलं. ऑन्कोटाइप नावाची टेस्ट, २१ जीन्स, शून्य ते शंभर स्कोअर. मग टेलरएक्स ही मोठी चाचणी: १०,२७३ बायका, निकाल २०१८ मध्ये. काखेत कॅन्सर न गेलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह बायकांपैकी ज्यांचा स्कोअर ११ ते २५ होता, त्यांना चिठ्ठी टाकून केमो दिली किंवा नाही दिली. नऊ वर्षांनी आजाराशिवाय जगणाऱ्या: गोळी एकटीवर ८३.३ टक्के, गोळी अधिक केमोवर ८४.३ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच. मात्र पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअरच्या बायकांना केमोचा थोडा फायदा दिसला. ही ओळ वगळून कोणी तुम्हाला 'केमोची गरज नसते' असं फॉरवर्ड पाठवलं, तर त्याला हा एपिसोड पाठवा.

टेस्ट महाग आहे, खर्च लाखांत जातो. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीने भारतीय पेशंटसाठी 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' ही त्यापेक्षा स्वस्त टेस्ट काढली आहे. कोणती करावी, करावी का, हे आपापल्या डॉक्टरांशी बोला. आम्ही बाबांची एक एफडी मोडली. स्कोअर १४ आला. वय ६१, गाठी साफ. आईने ठरवलं: रेडिएशन आणि पाच वर्षं गोळी, केमो नाही. मावशीला वाटतं ती जिंकली. तसं नाहीये. आमच्याच सोसायटीतल्या एका ३८ वर्षांच्या ताईंना ट्रिपल निगेटिव्ह निघाला. त्यात गोळी चालतच नाही, केमो हाच आधार. मावशीचं ऐकून त्या थांबल्या असत्या तर? येलमध्येच, म्हणजे जिथे मस्टर्डची गोष्ट सुरू झाली तिथेच, २०१८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. स्तनाच्या कॅन्सरवर नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त होता. गुळवेल-गोमूत्रवाल्या काकांना नम्र उत्तर म्हणून मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. ग्रुप दोन दिवस शांत होता. आमच्याकडे हा रेकॉर्ड आहे.

परत परळला येऊ. १९६२ पासून टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, आणि १९८३ मध्ये तिथेच डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं सुरुवातीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे ते व्हीलचेअरवरून राउंड घेतात. पण मला जास्त भावतात टाटाच्या 'कमीत काय होईल' या चाचण्या. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं चाललेला अभ्यास, मशीन नाही, मॅमोग्राम नाही. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ चा निकाल: गाठी आधीच्या स्टेजला सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. एकूण सगळ्या वयोगटांत मात्र घट ठामपणे म्हणण्याइतकी नव्हती, हेही त्यांनीच लिहिलंय. गाठ लवकर सापडली तर केमोचा हिशोबच बदलतो, वर दाणे मांडले तसा.

दुसरी, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमची, २०२३ मध्ये छापलेली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, तेच दातांच्या डॉक्टरकडचं बधिर करायचं औषध. सुमारे १६०० बायका. पाच वर्षांनी हयात: इंजेक्शन दिलेल्या ९०.१ टक्के, न दिलेल्या ८६.४ टक्के. कोणाचे केस गेले नाहीत. इतर देशांत पुन्हा करून बघायला हवं, ते होईलच.

आईला रेडिएशनच्या दिवसांत एक बाई भेटायच्या, जळगावकडच्या, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या. त्यांची केमो चालू होती, महात्मा फुले योजनेतून. त्यांनी आईला विचारलं, "ताई, तुम्हाला नाही दिली का? पैसे कमी पडले का?" आईने त्यांना दाणे नव्हते म्हणून बोटांवर सगळं समजावलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी कोणी विचारलं नाही, पण आता मी पुढच्या वेळी विचारीन की मला किती उपयोग." आईने त्यांना आपल्या वहीतलं पान फाडून प्रश्न लिहून दिले. चार होते. गाठ कोणत्या प्रकारची? काखेत गेलीय का? शंभरात किती जणींना उपयोग? आणि नाही घेतली तर त्याऐवजी काय?

पुढच्या एपिसोडमध्ये मेहेरबाई आणि दोराबजी टाटा, १९३२ साल आणि रेडियम. तोवर प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, लिहून पाठवलेत तरी चालेल.